डिझेल पंपाचे टायमिंग



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत संतवाङ्मय, राज्यघटना, आरोग्य अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला ‘जुन्या ट्रकच्या डिझेल पंपाचे टायमिंग’ हा विषय बसलेला पाहून काहींना हसू आले असेल. त्यात गैर काही नाही. परंतु १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तो ज्ञान चार भिंतींच्या बाहेर यावे एवढ्याचसाठी. आणि ज्या विद्येवर या जिल्ह्यातील कित्येक घरांची चूल पेटते, ती विद्या व्यासपीठावर येण्यास अपात्र आहे, असे आम्हांस वाटत नाही.

गोंदिया म्हणजे धान आणि राइस मिल. दिवाळीनंतर धान निघू लागले की खरेदी केंद्रावरून मिलमध्ये, मिलमधून गोदामात आणि गोदामातून रेल्वेच्या मालधक्क्यावर कट्टे हलू लागतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीतील नाटकमंडळींचे सामान या गावाहून त्या गावाला जाते. ही सारी ने-आण नव्या गाड्यांवर होत नाही. लांब पल्ल्याचे काम नव्या गाड्यांनी घेतले आणि जुन्या गाड्या दहा-वीस कोसांच्या फेऱ्यांवर राहिल्या. अशा गाडीचा मालक बहुधा एकाच गाडीचा मालक असतो, आणि पुष्कळदा तोच चालकही असतो. त्याचे इंजिन बसले म्हणजे केवळ लोखंड बसत नाही, घर बसते. इंजिन अकाली बसण्याच्या कारणांपैकी एक कारण असे आहे की जे टाळण्यास पैसा लागत नाही, तासाभराचा धीर लागतो. त्या कारणाविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम तत्त्व पाहू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि मिश्रण पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. दट्ट्या हवा दाबतो. सोळा-सतरा भाग हवा एका भागात कोंबली म्हणजे ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. ही कल्पना रुडॉल्फ डीझेल या जर्मन इंजिनिअरची. १८९२ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याचे इंजिन यशस्वी झाले. परंतु ते इंजिन ट्रकवर बसण्याजोगे नव्हते. कारण त्यात तेल आत फुंकण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि त्या हवेसाठी अवजड कॉम्प्रेसर लागे. डिझेल ट्रक घरोघर झाला तो १९२७ सालापासून. त्या वर्षी रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बनविण्यास आरंभ केला. हाताच्या ओंजळीत मावेल एवढ्या यंत्राने त्या कॉम्प्रेसरचे काम हिरावून घेतले.

आपल्याकडे ही विद्या दोन वाटांनी आली. एक शेतातून. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि विहिरीवर, गिरणीत, मळणीत डिझेल इंजिनाचा आवाज ऐकू येऊ लागला. दुसरी वाट रस्त्यावरून. १९५१ साली बंगलोरला मायको कंपनी निघाली आणि बॉश पद्धतीचे पंप व नोझल देशात होऊ लागले. १९५४ साली टेल्कोने डेम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक काढले. पुढे करार संपला, नाकावरचा तारा गेला आणि ‘टी’ अक्षर आले. पण इंजिनाची ठेवण आणि शेजारी ओळीने बसलेला सहा एलिमेंटचा पंप पुष्कळ वर्षे तोच राहिला. नागपूर-रायपूर रस्त्यावर, ज्याला जुने लोक अजून ‘सहा नंबर’ म्हणतात आणि ज्याचा क्रमांक आता ५३ आहे, त्या कोहमारा-देवरीच्या पट्ट्यात मिस्त्रींच्या पिढ्या घडल्या त्या याच पंपावर.

आता टायमिंग म्हणजे काय? दट्ट्या वर येत असताना, तो अगदी माथ्यावर पोहोचण्यापूर्वी, नेमक्या किती अंशांवर पंपाने तेल ढकलण्यास आरंभ करावा, ते ठरविणे म्हणजे टायमिंग. माथ्याला मिस्त्री लोक ‘टॉप’ म्हणतात. माथ्यावर पोहोचल्यावरच तेल का सोडू नये, असा प्रश्न येईल. उत्तर असे की तेल आत जाताच पेटत नाही. त्याचे थेंब फुटावे लागतात, वाफ व्हावी लागते, हवेत मिसळावे लागते. यात साधारण सेकंदाचा एक हजारावा भाग जातो. हा काळ क्षुल्लक वाटतो. परंतु हिशेब करून पाहा. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर क्रँक सेकंदाला १२,००० अंश फिरतो. म्हणजे त्या एक हजाराव्या भागात तो १२ अंश पुढे गेलेला असतो! चुलीवर आधण ठेवायचे तर पाहुणा दारात येण्यापूर्वी ठेवावे लागते, त्यातलाच हा प्रकार. फार आधी ठेवले तर पाणी आटते, उशिरा ठेवले तर पाहुणा ताटकळतो.

टायमिंग फार अगोदर असेल, म्हणजे ‘ॲडव्हान्स’ असेल, तर दट्ट्या वर येतच असताना आतला भडका त्याला खाली दाबू लागतो. मग इंजिन कडक ठोकते. पहाटे सुरू करताना ते उलट झटका देते. दाब वाजवीपेक्षा चढल्याने हेडचे गॅस्केट, दट्ट्ये आणि बेअरिंग यांचे आयुष्य कमी होते. टायमिंग उशिरा, म्हणजे ‘रिटार्ड’ असेल, तर दट्ट्या खाली निघाल्यावर तेल जळत राहते. त्या जळण्यातून ओढ मिळत नाही. उष्णता मात्र सायलेन्सरच्या वाटेने निघून जाते. गाडी चढावर दम टाकते, धूर होतो, एक्झॉस्ट तापतो, व्हॉल्व्ह करपतात, आणि डिझेल जास्त लागते. दोन्ही बाजूंना नुकसानच आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. धूर दिसला की पंपाला हात, ही रीत वाईट आहे. धुराची कारणे अनेक. आधी एअर फिल्टर पाहावा. धानाचा कोंडा आणि रस्त्याची धूळ यांनी तो बुजला असेल तर इंजिन गुदमरते, त्यात पंपाचा काय दोष? नंतर डिझेल फिल्टर. नंतर टॅपेटचे अंतर. नंतर नोझल उतरवून टेस्टरवर फवारा पाहावा. नोझल गळत असेल तर टायमिंग कितीही अचूक लावले तरी धूर जाणार नाही. शेवटी लादलेला माल पाहावा. दुप्पट कट्टे लादल्यावर मासुलकसा घाटात कोणतीही गाडी काळीच पडेल. हे सारे ठीक असूनही दोष राहिला, किंवा पंप दुरुस्तीहून परत आला, किंवा टायमिंग गिअर उघडले, किंवा कपलिंग ढिले सापडले, तरच टायमिंगकडे वळावे.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. श्रोत्यांत जे या धंद्यातले आहेत त्यांना यातील पुष्कळसे ठाऊक असेल. पण रीत क्रमाने सांगितली म्हणजे कोणती पायरी गाळली जाते ते ध्यानात येते.

गाडी सपाट जागी उभी करावी, गिअर न्यूट्रलला घ्यावा, चाकांना गुटके लावावेत आणि बॅटरीची तार काढावी. पंपाभोवतीची माती-ग्रीस ब्रशने व डिझेलने धुऊन काढावी. हे केवळ टापटिपीसाठी नव्हे. पंपाच्या एलिमेंटमध्ये प्लंजर आणि बॅरल यांच्यातील फट मिलिमीटरच्या दोन-तीन हजाराव्या भागाएवढी असते. माणसाचा केस तिच्याहून वीसपट जाड. तेथे धुळीचा एक कण शिरला तर तो ओरखडा काढूनच जातो.

मग टॅपेट कव्हर काढून पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणावा. क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा पंप एक फेरा घेतो. त्यामुळे पहिला दट्ट्या दोनदा माथ्यावर येतो, एकदा कॉम्प्रेशनवर आणि एकदा धूर बाहेर टाकताना. ओळखावयाचे कसे? सहा सिलिंडरच्या इंजिनात सहाव्याच्या व्हॉल्व्हकडे पाहावे. सहाव्याचा एक्झॉस्ट मिटत आहे आणि इनलेट उघडत आहे, अशी दोन्ही रॉकरची चाळवाचाळव दिसली की पहिला कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आहे असे समजावे. त्या वेळी पहिल्याचे दोन्ही रॉकर हाताला ढिले लागतात. ही खूण चुकली तर पंप पुरा अर्धा फेरा चुकीचा बसतो आणि इंजिन सुरूच होत नाही.

यानंतर फ्लायव्हीलवरची किंवा पुढल्या पुलीवरची खूण शोधावी. तेथे टॉपची रेघ आणि त्याच्या आधीचे अंश कोरलेले असतात. टायमिंगचा आकडा इंजिनाच्या पट्टीवर किंवा कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो आणि तो इंजिनागणिक बदलतो. शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये; दोघींचा रंग एक असला तरी इंजिन एक असेलच असे नाही. खुणा झिजल्या असतील तर गणिताचा आधार घ्यावा. समजा फ्लायव्हीलचा व्यास ४०० मिलिमीटर आहे. तर त्याचा परीघ सुमारे १,२५७ मिलिमीटर आणि एक अंश म्हणजे साडेतीन मिलिमीटर. फीत घेऊन टॉपपासून मागे मोजले की खूण पुन्हा करता येते.

आता मुख्य काम. पहिल्या एलिमेंटची हायप्रेशर नळी सोडावी. डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर खोलून आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवावेत, आणि होल्डर पुन्हा बसवून त्याला हंसाच्या मानेसारखी वाकविलेली बारीक नळी लावावी. स्टॉपची तार ओढलेली नसावी. रॅक पूर्ण डिझेल देण्याच्या जागी असावा. फीड पंपाचा हात-पंप मारला की नळीतून डिझेलची धार पडू लागते. क्रँक टॉपच्या बराच अलीकडे, चाळीस-पन्नास अंश मागे आणून तेथून इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने हळूहळू फिरवावा. एक चेला हात-पंप मारील, दुसरा पाना धरील, उस्तादाची नजर नळीच्या तोंडावर राहील. प्लंजर वर चढून बॅरलचे छिद्र मिटू लागतो तशी धार बारीक होते आणि मग थेंबांवर येते. दहा-पंधरा सेकंदांना एक थेंब पडू लागला की थांबावे. याच क्षणी पंप तेल ढकलू लागतो. आता फ्लायव्हीलच्या खिडकीत पाहावे. काट्यापुढे पुस्तकातला आकडा असेल तर टायमिंग बरोबर आहे.

फिरवताना पुढे गेलो तर चार-दोन अंश मागे येऊन भागत नाही. गिअरच्या दातांत फट असते. उलट फिरविले की ती फट दुसऱ्या अंगाला जाते आणि मोजमाप खोटे पडते. म्हणून पुन्हा चाळीस अंश मागे जावे आणि पुन्हा पुढेच यावे. घाई करणारा मिस्त्री नेमका येथे फसतो.

आकडा जुळला नाही तर पंपाच्या फ्लँजचे बोल्ट सैल करून पंप लंबगोल छिद्रांत किंचित फिरवावा. पंपाची शाफ्ट ज्या दिशेने फिरते तिच्या उलट पंप फिरविला तर टायमिंग अगोदर येते. त्याच दिशेने फिरविला तर उशिरा जाते. जेथे पंप पाळण्यावर बसविलेला असतो तेथे कपलिंगचे बोल्ट सैल करावे लागतात. नंतर बोल्ट आवळून सारी तपासणी पुन्हा करावी, एकदा नव्हे, दोनदा. कारण आवळताना पंप सरकतो. दोन्ही वेळा तोच आकडा आला तरच काम झाले. मग डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग आठवणीने परत बसवावीत, सांगितल्या जोराने होल्डर आवळावा, आधी फिल्टरमधून व मग पंपातून हवा काढावी आणि इंजिन सुरू करावे.

बाकीच्या पाच एलिमेंटचे काय? पंपावर ते साठ-साठ अंशांच्या अंतराने, म्हणजे क्रँकच्या १२० अंशांच्या अंतराने चालतात. या इंजिनांत त्यांचा क्रम १-५-३-६-२-४ असा. त्यांचे आपसांतील अंतर आणि प्रत्येकाचे माप पंपरूममध्ये टेस्ट बेंचवर लावतात. ते काम झाडाखाली होत नाही. गव्हर्नरचे सील तर मुळीच तोडू नये.

श्रोतेहो, आता ज्या गोष्टीसाठी हे व्याख्यान आम्ही स्वीकारले तिकडे येतो. आपल्या रस्त्यांवर एक समजूत रुजली आहे की पंप थोडा पुढे घेतला की गाडी ओढते आणि डिझेलही वाचते. काही ठिकाणी मालक स्वतःच सांगतो, “मिस्त्री, एक दात पुढे टाका.” एक दात म्हणजे किती, हे कोणी विचारत नाही. समजा पंपाच्या गिअरला ६० दात आहेत. एक दात म्हणजे पंपाचे ६ अंश आणि क्रँकचे १२ अंश! फ्लँजवरच्या एका मिलिमीटरचेही असेच. फ्लँजची त्रिज्या ६० मिलिमीटर धरली तर तेथला एक मिलिमीटर क्रँकवर दोन अंश होतो. डोळ्याला जे ‘जरासे’ दिसते ते इंजिनाला जरासे नसते. पहिले काही दिवस गाडी खरोखर चपळ वाटते, विशेषतः आधी टायमिंग उशिरा असेल तर. आणि म्हणूनच ही समजूत मरत नाही. गॅस्केट उडते ते काही महिन्यांनी. तोवर ‘एक दात’ सर्वजण विसरलेले असतात आणि दोष गॅस्केटच्या माथी बसतो.

दुसरी समजूत अशी की खरा उस्ताद कानानेच टायमिंग लावतो. कानाची थोरवी आम्ही नाकारीत नाही. कोणता सिलिंडर मारत नाही, बेअरिंग बोलू लागले आहे का, हे जुना कान ओळखतो तसे कोणतेही यंत्र ओळखत नाही. परंतु कान दोष सांगतो, आकडा सांगत नाही. थंड इंजिन आणि तापलेले इंजिन, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांचा आवाज वेगळा असतो; झिजलेले नोझलही टायमिंगसारखेच ठोकते. नाडी पाहणारा वैद्य ताप आहे हे सांगेल. १०१ की १०३ हे सांगण्यास थर्मामीटरच लागतो. थेंबाची रीत हाच मिस्त्रीचा थर्मामीटर, आणि त्याला वीतभर नळीपलीकडे काही लागत नाही.

एक इशारा जिवाचा आहे. नोझल सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाला उघडते. टेस्टरवरचा फवारा धुक्यासारखा निरुपद्रवी दिसतो. पण बोटाच्या कातडीतून आत शिरतो. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत डिझेल पसरते. अशा वेळी हळद लावून घरी बसू नये. तत्काळ मोठ्या दवाखान्यात जावे आणि ‘दाबाचे डिझेल शिरले’ असे स्पष्ट सांगावे. उशिरामुळे बोट, प्रसंगी हातही गमवावा लागतो. गॅरेजमध्ये शिकायला येणारी मुले फवाऱ्याखाली हात धरून गंमत करतात; ती पहिल्याच दिवशी बंद केली पाहिजे.

आणि धूर हा आता केवळ मालकाचा प्रश्न राहिलेला नाही. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्टरिज एकक आहे. तो धूर प्रथम कोणाच्या छातीत जातो? गॅरेजमध्ये सायलेन्सरशेजारी उभ्या असलेल्या चेल्याच्या, आणि मिलच्या आवारात चालू गाडीमागे कट्टे उचलणाऱ्या हमालाच्या.

कोणी म्हणेल, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ च्याच गाड्या विकल्या जातात. त्यांत टायमिंग संगणक लावतो, फ्लँज सैल करण्याचा प्रश्नच नाही. मग ही जुनी विद्या कशाला? एक तर, ज्याच्याजवळ जुनी गाडी आहे त्याला ती रद्द होईपर्यंत चालवावयाची आहे, आणि तोवर ती नीट चालावी हे त्याच्या आणि आपल्याही हिताचे आहे. विहिरीवरचे एका सिलिंडरचे इंजिनही याच थेंबावर लागते. दुसरे असे की संगणक लावतो तेही टायमिंगच. माथ्याच्या किती अंश आधी तेल सोडावे, हा प्रश्न डीझेलच्या काळी होता तोच आज आहे. ज्या मुलाने थेंब थांबताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे त्याला संगणकाच्या पडद्यावरचा आकडा कळतो. ज्याने पाहिला नाही त्याला तो नुसता वाचता येतो.

तेव्हा आमची विनंती दोनच गोष्टींची आहे. गाडीमालकांनी आपल्या गाडीच्या टायमिंगचा आकडा, क्रम आणि शेवटच्या तपासणीची तारीख एका पुठ्ठ्यावर लिहून केबिनमध्ये लावावी, आणि ‘एक दात पुढे’ हे शब्द तोंडातून काढू नयेत. उस्तादांनी आपल्या चेल्यांना नुसते ‘असे कर’ न सांगता ‘असे का’ तेही सांगावे. आयटीआयतून शिकून आलेल्या मुलाला कारण ठाऊक असते पण हात बसलेला नसतो. गॅरेजमध्ये वाढलेल्या मुलाचा हात बसलेला असतो पण कारण ठाऊक नसते. ही दोन मुले एका पंपाशी एकत्र उभी राहिली तर या जिल्ह्यातील कितीतरी इंजिने, आणि त्यांवर चालणारी घरे, अकाली बसावयाची वाचतील.